मूठभरांचे गाणे

संगीताचा इतिहास सांगायला बसले की तो बहुधा गाजलेल्यांचा इतिहास होतो. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, सैगल, लताबाई, ही नावे घेतली की ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि सांगणाऱ्याचे निम्मे काम तिथेच होऊन जाते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांची नावे घेऊन तसे काही होणार नाही. ॲटॉमिक फॉरेस्ट, वेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस, कम्बस्टिबल्स. ही नावे ऐकून कोणाला साबणाचे छाप आठवतील, कोणाला एखादा रासायनिक कारखाना आठवेल. पण ही माणसांची नावे आहेत, म्हणजे माणसांच्या टोळ्यांची म्हणा ना. १९६५च्या आसपासपासून पुढची दहापंधरा वर्षे मुंबईत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन इंग्रजी गाणी गाणारी जी तरुण पोरे होती, त्यांचे हे बँड. त्या काळी त्यांना ‘बीट ग्रुप’ म्हणत. त्यांना ऐकणारे तेव्हाही थोडे होते. आज तर फारच थोडे आहेत, आणि त्या थोड्यांपैकी एक आपल्या शहागंजात राहतो. तो म्हणजे अर्थातच मी.

शहागंज म्हणजे काय हे आपल्या शहरातल्या श्रोत्यांना सांगायला नको. बाहेरगावच्यांसाठी चार शब्द सांगतो. मध्ये १७२०च्या सुमारास बांधलेली प्रशस्त मशीद, उंच चौथऱ्यावर, आणि चौथऱ्याच्या तीन बाजूंना दुकाने. जवळच निजामी अमदानीतला घड्याळाचा मनोरा. चमन आहे, गांधीजींचा पुतळा आहे, भाजी-फळांच्या गाड्या आहेत, आणि या सगळ्यावर पसरलेला एक अखंड आवाज आहे. सकाळची अजान, फळवाल्यांची ललकारी, चहाच्या हॉटेलातली कव्वाली, एप्रिलात भीमगीते, लग्नसराईत बँडवाल्यांची क्लॅरिनेट, गणपतीत ढोल. इतक्या गाण्यांना ज्या चौकात जागा आहे, तिथे आणखी एका गाण्याला जागा का नसावी? पण नव्हती. १९८०च्या दशकात मुंबईला नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने एका तबकडीवरून उतरवून घेतलेली कॅसेट मला दिली. ती मी लावली की खालचे दुकानदार चाचा वर बघून विचारायचे, “क्या मियाँ, पानी की मोटर बिगड गई क्या?” आणि घरात आई म्हणायची, “ते भांडी आपटणं बंद कर बाबा, डोकं उठलं.” दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. त्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. ज्याला सवय नाही त्याला तो बिघाडच वाटणार.

ती तबकडी ॲटॉमिक फॉरेस्टची होती. तिची हकीकत पुढे येईलच. आधी दोन शब्द आपल्या गावाविषयी, कारण घरात दुर्लक्ष आणि बाहेर आदर हा प्रकार आपल्याला नवा नाही.

वली दक्खनी हा या मातीतला कवी. साधारण १७०० साली तो दिल्लीला गेला. त्या वेळी दिल्लीत शिष्टांची कविता म्हणजे फारसी. दक्खनची बोली म्हणजे बाजारातली भाषा. तीत गझल कशी लिहावी? पण वलीचा दिवाण १७२०च्या सुमारास दिल्लीत पोहोचला आणि तिथल्या तरुण कवींना वेड लागले. म्हणजे इकडे शहागंजच्या मशिदीचा चुना वाळत होता त्याच सुमारास तिकडे दिल्लीत दक्खनी शब्द तोंडातोंडी होत होते. त्याच्या मागून आलेला सिराज औरंगाबादी तर आपल्या नावातच गाव घेऊन बसला आहे. त्याची एक गझल आज भारत-पाकिस्तानातले नामांकित कव्वाल गातात आणि जगभर लोक ती ऐकून माना डोलावतात. आता आपल्याच चौकात उभे राहून दहा जणांना विचारा, सिराज कोण? किती जण उत्तर देतील याचा अंदाज मी बांधत नाही; तुम्हीच बांधा.

हे सांगण्याचे कारण इतकेच, की कमी लोकांना माहीत असणे आणि कमी प्रतीचे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मात्र उलट बाजूही तितकीच खरी आहे. कमी लोकांना माहीत असले म्हणून काही ते थोर ठरत नाही. माझ्यासारख्या रसिकांना हे दुसरे वाक्य आवडत नाही, पण ते सांगायला हवे.

आता रेडिओच्या घरात बसून बोलतो आहे तर रेडिओचीही गोष्ट निघालीच पाहिजे. निजामाच्या डेक्कन रेडिओचे एक लहान केंद्र आपल्या शहरात होते. १९५० साली ते आकाशवाणीकडे आले आणि काही वर्षांतच बंद झाले. पुढे १९७०च्या दशकात आपल्याला पुन्हा केंद्र मिळाले. मधल्या काळात इथला माणूस दूरच्या केंद्रांवर कान लावून बसायचा. आणि नेमका याच काळात देशभर आवडीनिवडीचा एक मोठा झगडा चालला होता. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, ते १९६२पर्यंत. आपले मराठी गृहस्थ, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, वाद्यवृंद सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलने सुरू झाली. ज्या उस्तादांची नावे लोकांनी नुसती ऐकली होती त्यांचे गाणे खेड्यापर्यंत पोहोचले. हे उपकार विसरता येणार नाहीत. पण त्याच वेळी आकाशवाणीवरून सिनेमाचे गाणे जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी काय केले? काट्याची टोपी जराशी फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. १९५२च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ कोलंबोच्या मालकीची झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. बिचारी बाजाची पेटी तर आणखी आधीपासून, १९४० पासून, आकाशवाणीच्या दाराबाहेर उभी होती. तिला आत यायला तीस वर्षे लागली!

या झगड्यात एका बाजूला राग होते, दुसऱ्या बाजूला सिनेमा. दोन्ही बाजूंना लाखो माणसे होती. मुंबईच्या बीट ग्रुपांचे नाव या भांडणात कोणी घेतलेच नाही. भांडणात नाव यायलासुद्धा थोडीफार संख्या लागते.

या पोरांचा संसार कसा चालत होता ते पाहण्यासारखे आहे. १९६४ नंतर बीटल्सच्या तबकड्या आल्या आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर, शिलाँग इथल्या कॉलेजांत चार-चार पाच-पाच जणांचे गट तयार झाले. गिटार मिळवायची कशी हा पहिला प्रश्न. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर निर्बंध. तारा संपल्या की बोटीवर काम करणाऱ्या किंवा विमान कंपनीतल्या एखाद्या नातेवाइकाची वाट पाहायची. ॲम्प्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुळवून घ्यायचा. रविवारी सकाळी एखाद्या हॉटेलात ‘जॅम सेशन’ असे. मुंबईत दारूबंदी असल्याने समोर थंड पेये घेऊन बसलेली कॉलेजची मुले-मुली आणि व्यासपीठावर ही मंडळी. कलकत्त्याहून निघणारे ‘ज्युनियर स्टेट्समन’ नावाचे तरुणांचे साप्ताहिक त्यांचे फोटो छापी. ते १९६७ साली निघाले आणि १९७७ साली बंद पडले. म्हणजे या सगळ्या चळवळीचे आयुष्य मोजायला तेवढी एक पट्टी पुरते.

रेकॉर्ड निघणे मात्र कर्मकठीण. ग्रामोफोन कंपनीला लाखांनी खपणारे सिनेमासंगीत सोडून यांच्या नादी कशाला लागायचे? तेव्हा मदतीला कोण आले, तर सिगारेट! इम्पीरियल टोबॅको कंपनीला आपली ‘सिमला’ नावाची सिगारेट तरुणांत खपवायची होती. तिने ‘सिमला बीट’ या नावाने देशभरच्या बँडांची स्पर्धा सुरू केली आणि १९७० व १९७१ अशा दोन वर्षांच्या स्पर्धकांची एकेक मोठी तबकडी काढली. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, मद्रासचे कन्फ्यूजन्स, मुंबईचे वेल्व्हेट फॉग, ही सगळी नावे आज आपल्याला माहीत आहेत ती त्या सिगारेटच्या जाहिरातीमुळे. सिगारेट कोणाला आठवत नाही, पण धूर उरला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या तबकड्या मी पुष्कळदा ऐकल्या आहेत आणि माझे मत विचाराल तर, निम्मी गाणी नकलेची आहेत. लंडनच्या किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या कोणा गायकाचा घोगरा आवाज काढायचा, त्याचेच उच्चार करायचे, असा प्रकार. पण मध्येच एखाद्या गाण्यात गिटारवाला असा काही सूर लावतो की तो इंग्रजी राहत नाही, आणि हिंदुस्थानीही होत नाही. आपण कोणाचे, हा प्रश्न त्याला पडला आहे आणि उत्तर सापडलेले नाही, असा तो सूर आहे. मला तो आवडतो. तो ऐकून चाचांना मोटर आठवली तर माझे काही म्हणणे नाही.

१९७२ साली एक गंमत झाली. लेड झेपेलिन या त्या वेळच्या जगातल्या अव्वल बँडचे दोघे जण, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट, मुंबईत आले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या एका छोट्या ठिकाणी जाऊन इथल्या पोरांची वाद्ये घेऊन वाजवू लागले. आज ही गोष्ट लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पण नीट पाहिले तर त्या कौतुकातही थोडी आपली खोड दिसते. पेज-प्लांट एक रात्र आले म्हणून ‘स्लिप डिस्क’ इतिहासात गेले. तिथे रोज रात्री वाजवणारे मात्र तळटीपेत.

त्या तळटीपेतल्या दोन माणसांकडे आता वळू.

टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर या दोघा इंग्रजांनी १९७० साली ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतक रचले. येशूचे शेवटचे दिवस, पण रॉक संगीतात. जाहिरातक्षेत्रातले आणि इंग्रजी रंगभूमीवरचे बडे प्रस्थ ॲलेक पदमसी यांनी १९७४च्या सुमारास ते मुंबईत उभे केले. येशू झाले मधुकर चंद्र दास आणि येशूचा घात करणारा ज्यूडास झाले नंदू भेंडे. दोघेही याच बीट ग्रुपांच्या जगातून आलेले. दास ॲटॉमिक फॉरेस्टचे गायक, भेंडे वेल्व्हेट फॉगचे. हे दोघे त्या रात्री मुंबईच्या रंगमंचावर समोरासमोर उभे होते, आणि पुढे त्यांच्या गाण्याला दोन अगदी निराळ्या वाटा फुटल्या.

आधी ॲटॉमिक फॉरेस्टची वाट पाहू. कीथ कांगा, नील चट्टोपाध्याय, व्हॅलेंटाइन लोबो, मधुकर दास, ही नावे ओळीने वाचली तरी मुंबईची एखादी चाळ डोळ्यासमोर येते. सत्तरीच्या दशकात हा बँड वाजवत राहिला. तबकडी निघाली १९८१ साली, ‘ऑब्सेशन’ नावाची; तोवर बहर ओसरला होता. सिनेमात डिस्कोचे वारे शिरले होते, कॅसेट आली होती, हॉटेलांना पाच जणांच्या बँडपेक्षा एक तबकडी फिरवणारा स्वस्त पडत होता. मेलेल्या माणसाच्या नावे पत्र यावे तशी ती रेकॉर्ड आली. तीत दुसऱ्यांची गाणीही आहेत आणि स्वतःची चीजही आहे. ती ऐकताना बेस गिटारचा ठेका असा धरून ठेवतो की हातातले काम सुटते. खप काही झाला नाही. उरलेल्या प्रती रद्दीवाल्याकडे, चोरबाजारात, कोणाच्या माळ्यावर.

मग तीस वर्षे गेली. २०११ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ नावाच्या एका छोट्या कंपनीने ही तबकडी पुन्हा काढली, चांगली पुस्तिका वगैरे जोडून. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या तबकड्या शोधून काढणे हाच त्या लोकांचा धंदा आणि तोच छंद. असे वेडे आपल्याकडेही आहेत, बरे का. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ नावाची संस्था आहे. भारतात पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्याला झाले, गौहरजान त्यात गायल्या. तेव्हापासूनच्या लाखेच्या तबकड्या जमवणारी, त्यांच्यावरचे क्रमांक ताडून पाहणारी, एकमेकांना ऐकवणारी ही मंडळी. आज जुन्या नाट्यगीतांचे किंवा बैठकीच्या गायिकांचे आवाज आपल्याला ऐकायला मिळतात, ते बरेचसे अशा लोकांनी चोरबाजारात पायपीट केली म्हणून. सरकारी कपाटांत सगळे जपले गेले असे समजू नका. टेप महाग होती. पुष्कळ ठिकाणी एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम भरला जाई. ज्याची मागणी नाही ते पहिले पुसले जाणार, हे उघड आहे.

इथे मला माझ्याच जातीच्या लोकांविषयी थोडे तिखट बोलू द्या. कोणाला न आवडणारे काही आवडणे यात एक गोड विष असते. हे फक्त मला कळते, असे हळूहळू वाटू लागते. मग तीच गोष्ट चार लोकांना आवडली की मनातून वाईट वाटते! मी असे संग्राहक पाहिले आहेत जे दुर्मीळ तबकडी कपाटात ठेवतात आणि वाजवत नाहीत, कारण वाजवली तर झिजेल आणि झिजली तर किंमत उतरेल. ही आवड नव्हे, ही सराफी. आपल्या सराफ्यातसुद्धा निदान दागिना ग्राहकाच्या गळ्यात घालून दाखवतात.

आता नंदू भेंड्यांची वाट. ही मला जास्त मोलाची वाटते आणि तिच्यासाठीच हे भाषण आहे म्हटले तरी चालेल.

नंदू हे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सांनी ज्यांनी मराठी प्रेक्षकांना पोट धरून हसवले ते आत्माराम भेंडे. घर मराठी रंगभूमीचे, आणि मुलगा इंग्रजी रॉक गाणारा. त्या काळच्या शिष्टांच्या लेखी हा वाया गेल्याचाच प्रकार. इंग्रजी गाणाऱ्यांच्या लेखी तो मराठी आणि मराठी माणसांच्या लेखी तो साहेब. अशा माणसाने काय करावे?

१९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तचे ‘थ्रीपेनी ऑपेरा’ मराठीत आणले, ‘तीन पैशाचा तमाशा’. मूळ जर्मन नाटक १९२८चे, आणि त्याचेही मूळ १७२८च्या इंग्लंडमधल्या ‘बेगर्स ऑपेरा’त, चोर, भिकारी, वेश्या आणि पोलीस यांचे जग. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ते केले, ‘घाशीराम कोतवाल’वाले जब्बार पटेल दिग्दर्शक. संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. आणि अट्टल दरोडेखोर अंक्या याची भूमिका केली ती नंदू भेंडे यांनीच. आता कल्पना करा. मराठी रंगमंच, ज्याने शंभर वर्षे नाट्यपदांवर टाळ्या दिल्या, लावणीवर शिट्ट्या दिल्या. त्याच रंगमंचावर तमाशाच्या ढंगाशेजारी, नाट्यगीताच्या ढंगाशेजारी, एक माणूस उभा राहतो आणि रॉकच्या फेकीने मराठी शब्द गातो. इंग्रजी वळणाच्या सुरावर मराठी बसत नाही, अशी समजूत होती, कारण मराठी शब्द वेगळ्या ठिकाणी जोर मागतो. या माणसाने तो जोर कुठे द्यायचा ते शोधून काढले.

हे काम लहान नाही. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणले तेव्हा कर्नाटकी, लावणी, साकी-दिंडी असे काय काय एकत्र बसवले होते. पुढे गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमाना’साठी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या. त्या चाली परक्या होत्या असे आज कोणी म्हणत नाही. बाहेरचा सूर घरात येतो तो असा, कोणीतरी आपल्या भाषेचे शब्द घेऊन त्याच्याजवळ जातो तेव्हा. फरक इतकाच की टेंब्यांच्या मागे बालगंधर्वांचा गळा होता आणि त्या गळ्यामागे अवघा महाराष्ट्र. नंदू भेंड्यांच्या मागे कोण होते? थोडे कॉलेजचे विद्यार्थी, थोडे हौशी नाटकवाले. ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलेली माणसे त्याची आठवण अजून काढतात, पण त्या गायकीची परंपरा काही पडली नाही. मराठीत रॉक गाणारे पुढे आले, अजूनही येतात. प्रत्येकाला वाटते आपणच पहिले. त्यांना कोणी सांगतच नाही की तुमच्या आधी एक अंक्या होऊन गेला.

आणि तरीही शहागंजने नंदू भेंड्यांचा आवाज ऐकलेला आहे! याची मला फार मौज वाटते. १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला. मिथुन चक्रवर्ती, बप्पी लाहिरी, चकाकणारे कपडे. हा सिनेमा पाहिला नाही असा माणूस आमच्या गल्लीत मिळणे कठीण होते. त्यात श्रीकृष्णाला पृथ्वीवर ये म्हणून हाक मारणारे एक गाणे आहे. पुढे कित्येक गोकुळाष्टम्यांना ते भोंग्यांवर वाजले. ते गाणारे नंदू भेंडे. त्या गाण्याची चाल एका परदेशी गाण्यावरून घेतली आहे असे जाणकार दाखवून देतात, आणि ते मूळ गाणे येशूवरचे आहे! म्हणजे ज्याने मुंबईत ज्यूडास होऊन येशूचा घात केला, त्यानेच आठ वर्षांनी येशूच्या चालीवर कृष्णाला बोलावले, आणि ज्या चौकात त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही त्या चौकाने ते डोक्यावर घेतले. आमच्या चाचांनाही ते पाठ होते. मी एकदा त्यांना सांगितले, “चाचा, हा त्याच मोटरवाल्यांपैकी एक.” त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “तो फिर इसको बोलो ना, हमेशा ऐसाच गाए.”

चाचांचे चुकले असे मी म्हणणार नाही. बाजारात उभा असलेला माणूस कलावंताला हेच सांगत असतो, आणि पुष्कळ कलावंत ते ऐकून सुखी झालेले आहेत. नंदू भेंडे यांनीही जाहिरातींना संगीत दिले, पडद्यासाठी गायले, पोट भरले. पण अंक्याच्या वेळी त्यांनी जे करून पाहिले ते कोणी सांगितले म्हणून केलेले नव्हते, आणि त्याची मागणीही नव्हती. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले. वर्षभरात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्मारामपंतही गेले. योगायोग असा की पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांचे या सगळ्या पिढीवरचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे इंग्रजी पुस्तक २०१४ सालीच निघाले. मराठीत तसे पुस्तक निघाले तर मला हवे आहे. त्यात मुंबईच्या हॉटेलांइतकीच जागा पुण्याच्या तालमींना असावी, आणि मराठी शब्दावर रॉकचा जोर कसा बसवला याचे एक प्रकरण असावे. त्या वेळी तालमीत बसलेली माणसे अजून आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारून लिहिलेले.

ॲटॉमिक फॉरेस्टची तबकडी आता सहज मिळते, फोनवरसुद्धा वाजते. शहागंजात ज्याला ऐकायची असेल त्याने माझ्याकडे यावे, रविवार सोडून कोणत्याही संध्याकाळी. रविवारी बाजाराची गर्दी असते आणि बेस नीट ऐकू येत नाही.